सहा अक्षरांचे नाट्यगृह



एखाद्या सभागृहात किंवा नाट्यगृहात पाऊल टाकण्याआधी आपण काय पाहतो? तिकिटाचा भाव नंतर. पहिली नजर जाते ती दारावरच्या पाटीकडे आणि भिंतीवरच्या पोस्टरकडे. पाटी पितळी, अक्षरे नाजूक वेलबुट्टीची, खाली देणगीदार शेटचे नाव, असे दिसले की आपले पाय आपोआप मागे येतात. तिथे कुणी ‘येऊ नका’ असे लिहिलेले नसते. पण अक्षरांची ठेवणच सांगते की हे दार बड्या लोकांचे आहे, आपण रस्त्यावरूनच बघावे. उलट एखादे हॅण्डबिल हातात पडते, काळ्या शाईतले, ठसठशीत अक्षरांचे, आणि वाटते की चला, रविवारी पोराबाळांना घेऊन जाऊ या.

म्हणजे मजकूर वाचायच्या आधीच अक्षरे आपल्याशी बोललेली असतात. आज अशाच एका नाट्यगृहाची गोष्ट सांगायची आहे. ते आहे अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात, आणि त्याचे नाव ‘पब्लिक थिएटर’. पब्लिक म्हणजे सार्वजनिक, तुमचे-आमचे. इंग्रजीत या शब्दाची सहाच अक्षरे: पी, यू, बी, एल, आय, सी. या सहा अक्षरांचे रूप कसे ठरले, ते मुद्दाम एकसारखे का ठेवले नाही, आणि लोकांनी ते चोरल्यावर काय झाले, असा हा विषय आहे. पण त्या संस्थेने ‘सार्वजनिक’ हे नाव फुकट मिळवले नाही. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. म्हणून आधी ते सांगतो.

संस्थेचे संस्थापक जोसेफ पॅप. जन्म १९२१ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आईवडील पूर्व युरोपातून पोटासाठी आलेले ज्यू. वडील सामानाच्या ट्रंका तयार करणारे कारागीर, आई शिवणकाम करणारी. घरात पैसा नव्हता. शेक्सपिअर या मुलाला भेटला तो शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात, जिथे पुस्तक वाचायला पैसे पडत नाहीत. पुढे पॅप टेलिव्हिजन कंपनीत रंगमंच व्यवस्थापकाची नोकरी करू लागले. १९५४ साली त्यांनी गरीब वस्तीतल्या एका चर्चच्या जागेत शेक्सपिअरची नाटके बसवायला सुरुवात केली. दोन वर्षांनी नदीकाठच्या उघड्या प्रेक्षागारात प्रयोग लावले आणि तिकीट ठेवलेच नाही. १९५७ साली ट्रकवर रंगमंच बांधून ते शहराच्या निरनिराळ्या भागांत फिरले. शेवटी मुक्काम पडला शहराच्या मधोमध असलेल्या सेंट्रल पार्क या प्रचंड बागेत.

इथे गाठ पडली रॉबर्ट मोझेस यांच्याशी. हे शहराचे बागप्रमुख. त्यांच्या शब्दावर पूल उभे राहायचे आणि वस्त्या उठायच्या. १९५९ साली मोझेस यांनी सांगितले की फुकट नाटकाला एवढी गर्दी होते, बागेतले गवत तुडवले जाते, तेव्हा माणशी एक-दोन डॉलर तिकीट लावा आणि गवताचा खर्च भरून द्या. पॅप म्हणाले, तिकीट लावणार नाही. ज्याच्या खिशात डॉलर नाही त्याच्यासाठीच तर हे नाटक! प्रकरण कोर्टात गेले. खालच्या कोर्टात पॅप हरले, वरच्या कोर्टात जिंकले. त्याच उन्हाळ्यात बागेत ‘ज्युलिअस सीझर’ झाले, फुकट. १९६२ साली त्या बागेत कायमचे खुले नाट्यगृह उभे राहिले, सुमारे अठराशे बैठकींचे. डेलाकोर्ट नावाच्या प्रकाशकाने पैसे दिले म्हणून त्याला ‘डेलाकोर्ट थिएटर’ म्हणतात. लोक सकाळपासून रांगेत बसतात, सोबत डबा, सतरंजी, गाणीबजावणी. संध्याकाळी आत जातात. दाम नाही, फक्त रांग.

बागेतले नाटक उन्हाळ्यापुरते. बाकीच्या महिन्यांसाठी छप्पर पाहिजे. लाफायेत रस्त्यावर एक जुनी दगड-विटांची इमारत पाडायला काढलेली होती. तिचा इतिहास पाहा. १८५४ साली ती वाचनालय म्हणून उघडली, एका धनाढ्याने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून. पुढे पुस्तके शहराच्या मोठ्या ग्रंथालयात गेली. नंतर ती ज्यू निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेने घेतली; जहाजातून उतरलेल्या, भाषा न येणाऱ्या हजारो माणसांना तिथे निवारा आणि जेवण मिळाले. आणि तीच इमारत निर्वासितांच्याच एका मुलाने, पॅप यांनी, पाडण्यापासून वाचवून तिचे नाट्यगृह केले. १९६७ सालच्या ऑक्टोबरात तिथे पहिले नाटक लागले, ‘हेअर’ नावाचे तरुणांचे संगीत नाटक. १९७५ साली इथेच ‘अ कोरस लाइन’ जन्मले. ते पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या महागड्या व्यावसायिक रंगभूमीवर, १९९० पर्यंत चालले. त्याच्या कमाईवर या सार्वजनिक घराची चूल वर्षानुवर्षे पेटली.

१९९१ साली पॅप वारले. मधला थोडा काळ दुसऱ्या दिग्दर्शिकेने कारभार पाहिला आणि १९९३ साली जॉर्ज वुल्फ यांच्याकडे सूत्रे आली. वुल्फ कृष्णवर्णीय, केंटकी राज्यातल्या लहान शहरातले, जन्म १९५४ चा. त्या काळी तिथे गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या. गावातल्या सिनेमागृहात डिस्नेचा चित्रपट लागला तरी काळ्या मुलांना आत सोडत नसत, ही लहानपणची आठवण त्यांनी पुढे सांगितलेली आहे. दार बंद असणे म्हणजे काय हे ज्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही, असा माणूस या नाट्यगृहाच्या दारावर आला.

आल्याबरोबर त्यांना एक विचित्र अडचण दिसली. संस्था एक आणि नावे चार! कुणी म्हणे ‘न्यूयॉर्क शेक्सपिअर फेस्टिव्हल’, कुणी ‘जोसेफ पॅप यांचे पब्लिक थिएटर’, कुणी ‘शेक्सपिअर इन द पार्क’, कुणी नुसते ‘डेलाकोर्ट’. बागेत फुकट नाटक बघणाऱ्या माणसाला ठाऊकच नव्हते की हीच मंडळी लाफायेत रस्त्यावर वर्षभर नवी नाटके करतात. आपल्याकडे एकाच मुलाला आजी एका नावाने, शाळा दुसऱ्या नावाने आणि गल्ली तिसऱ्याच नावाने हाक मारते. घरच्यांना काही वाटत नाही, पण पोस्टमन मात्र गोंधळतो. तसे झाले होते.

पोस्टर वाईट होती असे मात्र समजू नका. १९७० च्या दशकापासून पॉल डेव्हिस नावाच्या चित्रकाराने या संस्थेसाठी रंगवलेली पोस्टर लोक घरात लावून ठेवत. नटाचा चेहरा असा रंगवलेला की नजर हटू नये. पण ते चित्र एका नाटकाचे, एका नटाचे. नाटक संपले की चेहरा गेला. घराचा चेहरा कुठला?

१९९४ साली वुल्फ यांनी हे काम पॉला शेर या बाईंकडे सोपवले. शेरबाईंचा जन्म १९४८ चा. १९७० च्या दशकात त्या ग्रामोफोन रेकॉर्डची कव्हर करत, अक्षरशः शेकड्यांनी. कलाशाळेत असताना त्यांना चित्र काढण्यात फारसे यश येत नव्हते, तेव्हा एका पोलिश शिक्षकाने सांगितले की चित्र जमत नसेल तर अक्षरांनीच चित्र काढ. हा उपदेश त्यांनी जन्मभर धरून ठेवला. कव्हरांना पैसे कमी पडू लागले, चित्रकार आणि फोटोग्राफर परवडेनात, तेव्हा जुन्या छपाईची अक्षरे घेऊन त्यांनी कव्हर आणि पोस्टर भरून टाकली. अक्षर फुकट असते! १९९१ साली त्या पेंटाग्राम या नावाजलेल्या डिझाइन संस्थेत भागीदार झाल्या.

पब्लिक थिएटरसाठी त्यांनी काय उचलले? लाकडी टाईप.

छापखान्यात ज्यांनी काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. पूर्वी छपाईची अक्षरे म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचे खिळे. पुस्तकाला, वर्तमानपत्राला ते ठीक. पण रस्त्यावरच्या पोस्टरला वीतभर उंचीचे अक्षर पाहिजे. एवढे मोठे अक्षर शिशात ओतले तर वजन भयंकर, किंमत तशीच, आणि थंड होताना पृष्ठभाग कुठेतरी खचतो. मग शाई सगळीकडे सारखी लागत नाही. म्हणून मोठी अक्षरे लाकडात. १८२७ साली न्यूयॉर्कच्याच डेरियस वेल्स यांनी लाकडी अक्षरे यंत्राने कोरून घाऊक तयार करण्याची युक्ती काढली. सात वर्षांनी दुसऱ्या एकाने त्या यंत्राला पँटोग्राफ जोडला. पँटोग्राफ म्हणजे सांधे असलेली चौकट. तिच्या एका टोकाची सुई नमुन्याच्या अक्षरावरून फिरवायची, दुसऱ्या टोकाशी तेच अक्षर लाकडात कोरले जाते, पाहिजे तेवढे लहान किंवा मोठे. मेपलचे कठीण लाकूड, हलके, स्वस्त. मग काय, सर्कशी, नाटके, घोड्यांचे लिलाव, जहाजांच्या वेळा, पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याची बक्षिसे, सगळेच या अक्षरांत भिंतीवर चढले. आपल्याकडच्या छापखान्यांतही मोठ्या अक्षरांसाठी लाकडी टाईप ठेवत. बारीक खिळ्यांच्या केसी एकीकडे आणि तेल पिऊन काळे झालेले लाकडी ठोकळे दुसरीकडे.

आता त्यातली गंमत. जुन्या पोस्टरमध्ये एक ओळ बैलासारखी जाड आणि खालची ओळ काडीसारखी बारीक का असते? कुणी हौसेने तसे केलेले नसते. कागदाची रुंदी ठरलेली. नटाचे नाव लहान असेल तर ती रुंदी भरायला पसरट, जाड अक्षर घ्यायचे. नाटकाचे नाव लांबलचक असेल तर उभट, अंग चोरून उभे राहणारे अक्षर. शिवाय एकाच साच्याची सगळी अक्षरे छापखान्यात असतीलच असे नाही. एखादे फुटलेले, एखादे हरवलेले. कंपोझिटर हाताला येईल ते बसवायचा. अडचणीतून जन्मलेली ही रीत. साहेबी छपाईत तिला मान नव्हता, पण लांबून वाचता येत होती आणि गर्दीत ऐकू येत होती.

शेरबाईंनी ही गर्दीच उचलली. लाकडी टाईपच्या जुन्या नमुन्यांचे एक पुस्तक होते, १९६९ साली निघालेले. त्यातली अक्षरे घेऊन त्यांनी ‘पब्लिक’ हा शब्द जुळवला. सहा अक्षरे, पण एका जाडीची नाहीत. एक पोट सुटलेले, एक मध्यम, एक सडपातळ, आणि सगळी एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून. न्यूयॉर्कच्या लोकलमध्ये सकाळी जशी माणसे उभी असतात! जाड, बारीक, काळी, गोरी, पिवळी, कुणी स्पॅनिश बोलणारा, कुणी चिनी. शब्दाचा अर्थ ‘सार्वजनिक’ आणि अक्षरांची रांगही सार्वजनिक. मला या सगळ्या प्रकरणात ही एक गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते. शेक्सपिअरच्या नाटकांसाठी काढलेली पोस्टर बहुधा राजमुकुट, पिसाची लेखणी आणि जुन्या वळणाची नाजूक अक्षरे यांनी भरलेली असतात. इथे तसले काही नाही. इथे शेक्सपिअर रस्त्यावरच्या आवाजात बोलत होता.

दुसरी हुशारी अशी की त्यांनी एकच शिक्का करून तो सगळीकडे मारला नाही. सरकारी कचेरीत रबरी शिक्का असतो. पत्र कशाचेही असो, शिक्का तोच. मोठ्या कंपन्यांचे बोधचिन्हही बहुधा तसेच असते. त्याला हात लावायचा नाही, रंग बदलायचा नाही, वाकडे करायचे नाही, अशी नियमांची पोथीच असते. नाट्यगृहाचे तसे चालत नाही. तिथे आज शोकांतिका, उद्या विनोदी नाटक, परवा एकट्या बाईचे बोलणे. प्रत्येकाला तोच गंभीर शिक्का मारला तर नाटक मरते. आणि प्रत्येकाला अगदी वेगळे केले तर घर हरवते, जसे आधी हरवले होते.

मग त्यांनी काय केले? काही गोष्टी पक्क्या ठरवल्या: अक्षरांचे कूळ एक, लाकडी टाईपचे, ‘पब्लिक’ हा शब्द मोठा आणि बहुधा उभा चढवलेला, इमारतीतल्या वेगवेगळ्या रंगमंचांना गोल शिक्के, एका कुळातले. बाकी सगळे मोकळे. शब्द आडवा, तिरका, उलटा फिरवा, नटाच्या पायाखाली घाला, त्याच्या डोक्यावर ठेवा, कागदाच्या कडेला कापला गेला तरी चालेल. एकाच आईची चार लेकरे जशी असतात, कुणी उंच, कुणी बुटका, कुणी भांडखोर; पण नाक पाहिले की शेजारीण ओळखते, अग हा तुझाच! इथे नाक म्हणजे अक्षरांची ती जाडी-बारीक रांग.

त्याच १९९४ सालच्या उन्हाळ्यात बागेतल्या दोन शेक्सपिअर नाटकांसाठी अशी पहिली पोस्टर भिंतींवर लागली. जमिनीखालच्या रेल्वेत, बांधकामाभोवतीच्या फळ्यांवर. जाणारा-येणारा थांबू लागला. नाव काय? पब्लिक. किती तिकीट? बागेत फुकट.

खरा कस लागला १९९५ साली. त्या वर्षी नोव्हेंबरात वुल्फ यांनी एक नृत्यनाट्य रंगमंचावर आणले. नाव, ‘ब्रिंग इन द नॉइज, ब्रिंग इन द फंक’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘आणा गोंगाट, आणा ठेका’. नाचणारा आणि नाच बसवणारा सॅव्हियन ग्लोव्हर, तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचा पोरगा. विषय काय? अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा इतिहास, गुलामांच्या जहाजापासून आजच्या रस्त्यापर्यंत, आणि तो सगळा पायांच्या ठेक्यातून. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात गुलामांनी उठाव केला होता, ढोल वाजवत. पुढच्या वर्षी तिथल्या मालकांनी कायदा करून गुलामांना ढोल वापरायला बंदी केली. ढोल काढून घेतला. पाय कसे काढून घेणार? तो ठेका पायात उतरला, टाळ्यांत उतरला, छातीवर मारलेल्या थापेत उतरला. पुढे बुटांना धातूची पत्री लावून नाचायचा जो ‘टॅप’ नाच झाला, त्याच्या एका मुळाशी हा ठेका आहे. या नाटकात दोन तरुण चक्क प्लास्टिकच्या बादल्या आणि भांडीकुंडी वाजवतात, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाजवतात तशी.

अशा नाटकाचे पोस्टर कसे करायचे? शेरबाईंनी नाचणाऱ्या माणसाचा फोटो मधोमध ठेवला आणि नाटकाचे ते लांबलचक नाव त्याच्याभोवती उडवून दिले. एक शब्द कोपराला धडकलेला, एक पायाखालून निसटलेला, एक मोठा, एक लहान, एक तिरपा. कागदाला कान लावला तर आवाज यावा असे. अक्षरे नुसती नाचाची माहिती देत नव्हती, ती स्वतःच नाचत होती. नाटक १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर गेले, त्याला त्या वर्षी चार टोनी पुरस्कार मिळाले, आणि १९९९ च्या जानेवारीपर्यंत ते चालले. पिवळ्या आणि काळ्या रंगात ती अक्षरे शहरभर झळकली. ज्या काळ्या पोरांना ब्रॉडवे म्हणजे परका मुलूख वाटे, त्यांच्या रस्त्याची बोली आता ब्रॉडवेच्या भिंतीवर होती.

इथे गोष्ट संपली असती तर गोड झाली असती. पण यशाला नजर लागते ती अशी की लोक ते उचलतात. अक्षराला कुणाचे कुलूप? लाकडी टाईप तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे, सगळ्यांच्या मालकीचे. बघता बघता शहरातल्या दुसऱ्या नाटकांच्या जाहिराती तशाच दिसू लागल्या. मग मासिके, मग दुकाने. वर्तमानपत्राचे नाटकाचे पान उघडावे तर सगळीकडे जाड-बारीक अक्षरे एकमेकांवर चढलेली. शेरबाईंनी पुढे हे स्वतःच सांगितले आहे की न्यूयॉर्क शहर पब्लिकसारखे दिसू लागले आणि त्यामुळे पब्लिक कोण हेच दिसेनासे झाले. ज्यांचे तिकीट महागडे ते आता फुकट नाटकवाल्यांच्या आवाजात ओरडत होते.

कुणी म्हणेल, कोर्टात जावे. पॅप यांनी गवतासाठी केले तसे. पण एखाद्याने आवाजाची नक्कल केली तर कोर्ट काय करणार? त्यांनी दुसरा मार्ग धरला. आपलेच गाजलेले रूप सोडून दिले. जे नाणे सगळ्या बाजारात खपत होते ते त्यांनी खिशात ठेवले आणि पुढची काही वर्षे मोसमागणिक वेगवेगळे प्रयोग केले. काही जमले, काही फसले, असे मला वाटते. मधल्या वर्षांतली काही पोस्टर पाहिली तर ती दुसऱ्या कुणाचीही वाटावीत. पण थांबले नाहीत.

२००५ साली वुल्फ गेले आणि ऑस्कर यूस्टिस आले. २००८ साली त्या सहा अक्षरांची पुन्हा आखणी झाली. आता ती लाकडी ठशांच्या फुटक्या कडा ठेवून नव्हे, तर ‘नॉकआउट’ नावाच्या नव्या टाईपमधून घेतलेली, स्वच्छ. हा टाईपही जुन्या पोस्टरच्या अक्षरांवरूनच तयार केलेला. त्यातल्या अक्षरांना जाडीप्रमाणे नावे दिली आहेत ती मुष्टियुद्धातल्या वजनगटांची, आणि सर्वांत धिप्पाडाला जपानी सुमो पैलवानाचे! आपल्या तालमीतल्या पोरांना हे आवडावे. म्हणजे रांग तीच राहिली, जाड्यापासून बारक्यापर्यंत. पैलवानांनी फक्त अंघोळ करून कपडे बदलले.

आणि एक नवी पद्धत पडली. दर उन्हाळ्यात बागेतल्या फुकट नाटकांचे पोस्टर आधी तयार होते. त्या वर्षीचे रंग कोणते, अक्षरे सरळ उभी राहणार की वाकणार की एकमेकांत अडकणार, हे त्या पोस्टरमध्ये ठरते. मग पुढचे वर्षभर लाफायेत रस्त्यावरच्या तिकिटांच्या नाटकांना तेच रूप. हा क्रम मला फार आवडला. बहुतेक ठिकाणी उलटे असते. पैसे देणाऱ्यांसाठी छान छापायचे आणि उरलेल्या कागदावर फुकटवाल्यांचे. इथे फुकट नाटकाचा रंग आधी, आणि तिकीट काढणाऱ्याने तो वर्षभर घालायचा.

२०१२ साली जुन्या इमारतीची दुरुस्ती पूर्ण झाली. आत शिरल्यावर जो मोठा दिवाणखाना आहे, जिथे एके काळी निर्वासित आपली गाठोडी ठेवून बसत, तिथे छताला झुंबरासारखे एक यंत्र टांगले आहे. बेन रुबिन या कलावंताने केलेले. त्याला सदतीस पट्ट्या, शेक्सपिअरच्या सदतीस नाटकांसाठी एकेक. दिव्यांच्या अक्षरांत त्या नाटकांतले शब्द त्यांवरून सरकत राहतात, यंत्र आपल्या हिशेबाने ते निवडते. खांबांवर, भिंतींवर, तिकीटखिडकीजवळ शेरबाईंची अक्षरे. २०२० साली त्यांनी या कामाच्या पंचवीस वर्षांचे पुस्तकच काढले. त्यातली पोस्टर ओळीने पाहिली तर दोन सारखी सापडत नाहीत, आणि तरी कुणाचे घर आहे हे विचारावे लागत नाही.

बागेतले डेलाकोर्ट मधल्या काळात साठ वर्षांचे होऊन मोडकळीला आले होते. लाकूड कुजलेले, पावसाने फुगलेले. ते दुरुस्तीसाठी बंद ठेवले आणि २०२५ सालच्या ऑगस्टमध्ये ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकाने पुन्हा उघडले. लोक सकाळपासून रांगेत बसले होते, गवतावर सतरंज्या टाकून. तिकिटाचे पैसे कुणी मागितले नाहीत.